क्लच पूर्ण दाबला होता, अण्णा

अण्णा, मंडळाच्या देशमुख काकू परवा घरी येऊन गेल्या, संक्रांतीच्या अंकात तुमच्यासाठी एक पान ठेवलंय म्हणाल्या, सुनेनं लिहिलेलं हवं, चार चांगल्या ओळी लिहून दे, शुद्धलेखनाचं आम्ही बघू. मी हो म्हटलं. पण चांगल्या ओळी बाकीचे लिहितील. गणपतीची लाइटिंग इतकी वर्षं तुम्ही केलीत, सेक्टरमधल्या कुणाचा पंखा, कुणाचा मिक्सर फुकट उघडून बसलात, ते सगळ्यांना माहीत आहे. मी गिअरचं लिहिणार आहे. कारण माझ्या पायाबद्दल तुम्ही जे बोललात ते ह्याच मंडळात बोललात, ह्याच लोकांसमोर, माइक हातात घेऊन. मग उत्तर पण इथंच देणार. तुम्ही गेलात म्हणून मी सोडून देईन असं वाटलं असेल तर नाही सोडणार.

मी पांढुर्ण्याची, नववी नापास, हे लग्नाच्या बैठकीतच तुम्हाला माहीत होतं. तरी पहिल्या महिन्यात मी "मतलब" म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "म्हणजे म्हण, मतलब नाही." आणि ते लाल टॅग. तुम्ही कारखान्यात तपासणी खात्यात होतात, नापास झालेल्या पार्टला बांधायचे ते लाल पुठ्ठ्याचे टॅग, दोरीचे, रिटायर होताना एक गठ्ठा घरी आणला होतात. त्यावर चार रकाने. दोष, कारण, उपाय, तपासणारा. गळक्या नळाला टॅग. माझ्या नवऱ्याच्या, सुनीलच्या, मोटरसायकलला टॅग. एकदा माझ्या पोळ्यांच्या डब्याला बांधलात, दोष, कडा कच्च्या, कारण, घाई. आई किती हसल्या. मी पण हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

पण गाडी मला तुम्हीच शिकवलीत. हे पण लिहिते, नाही लिहिलं तर खोटं होईल. माझ्या लेकीला, मनूला, श्वासाचा त्रास, सुनील शिफ्टला कारखान्यात, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तुम्ही स्टिअरिंग सोडून दिलेलं. म्हणालात, घरात कुणाला तरी गाडी आली पाहिजे, हिला शिकवतो. भाऊजी, तुमचा दुसरा मुलगा, तेव्हा अरेरा कॉलोनीतून फोनवर म्हणाले, "अण्णा, तिला? आधी स्कूटी तरी येऊ द्या." तुम्ही म्हणालात, "स्कूटीला गिअर नसतो, ती काय शिकणार." आणि मला क्लबच्या मागच्या मैदानावर घेऊन गेलात. गाडी तीनदा बंद पडली, मला वाटलं आता ओरडाल. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही म्हणालात, "गिअर दोन बोटांनी गेला पाहिजे. जोर लावावा लागला की समज, चूक झाली. आणि चूक गिअरमध्ये नसते, गिअरच्या आधी असते. मागे मागे जात शोधायची."

ते वाक्य मी विसरले नाही. तुम्ही विसरलात.

मग मी मनूला डॉक्टरकडे नेऊ लागले, आईंना भाजीबाजारात, मंडळाची भांडी हॉलवर. एकदा मिसरोदपर्यंत गेले, होशंगाबाद रोडला ट्रकच्या मधून, घरी आल्यावर हात इतके गार पडले होते की आईंनी चहाचा कप दोन्ही हातात धरायला दिला. पण गेले. माझ्या माहेरी कुणी बाई सायकलच्या पुढे गेलेली नाही.

यंदाच्या पावसाळ्यात गिअर कडक झाला. पहिला घालताना अडायचा, रिव्हर्स तर कर्रर्र करायचा, सगळा सेक्टर मान वळवून बघायचा. मी घाबरत घाबरत तुम्हाला सांगितलं. तुम्ही लगेच चष्मा लावून शेडमध्ये आलात, माझ्या बाजूच्या सीटवर बसलात, तुमचा हात गिअरवर, माझा पाय क्लचवर. "आधी बंद गाडीत बघायचं," तुम्ही म्हणालात. इंजिन बंद. पाचही गिअर लोण्यासारखे गेले, रिव्हर्स पण. "आता चालू कर." चालू केली. "दाब क्लच." दाबला. गिअर जाईना. तुम्ही हसलात, तुमच्या खात्यात दोष सापडल्यावर हसत असाल तसे. म्हणालात, "बघ, बंद गाडीत जातो म्हणजे गिअरबॉक्स चांगला आहे, दांड्या चांगल्या आहेत. चालू गाडीत जात नाही म्हणजे क्लच इंजिनला पूर्ण सोडत नाहीये. इंजिन फिरवतंय आणि आपण घुसवतोय, म्हणून दात वाजतात."

इथपर्यंत बरोबर होतं, अण्णा. शब्द न शब्द बरोबर होतं.

मग म्हणालात, "आणि क्लच का सोडत नाही? कारण तू पाय अर्धा ठेवून चालवतेस. तापून प्लेट वाकली."

मी म्हटलं, मी अर्धा पाय ठेवत नाही. तुम्ही म्हणालात, "सगळे असंच म्हणतात." मी म्हटलं, अण्णा, मला वाटतं पेडल खाली पूर्ण जातच नाही. तुम्ही म्हणालात, "पाय छोटा आहे तुझा. सीट पुढे घे." मी सीट पुढे घेतली. इतकी पुढे की स्टिअरिंग पोटाला लागायचं. काही फरक नाही. चप्पल काढून चालवून बघितलं. नाही. नेहरू नगरच्या रईस भाईंकडे नेली, त्यांनी खाली झोपून केबल कसली, दोन दिवस जरा बरं वाटलं, मग पुन्हा तेच. ते म्हणाले, "भाभी, क्लच-प्लेट गई. अब गियरबॉक्स उतरेगा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काही बोलला नाहीत, नुसतं बघितलंत. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

बोललात मग, गणपतीत. मी प्रसादाची पातेली घेऊन हॉलच्या फाटकात गाडी लावत होते, रिव्हर्स घातला, कर्रर्र, सगळे वळले, आणि तुम्ही मंडळाचा माइक टेस्ट करत होतात, त्याच माइकवर म्हणालात, "घाबरू नका मंडळी, आमच्या सूनबाई आल्या. क्लच त्यांच्या पायाखाली जगत नाही." सगळा हॉल हसला. तुम्ही ह्या अंकात ज्या ज्या लोकांचं वाचाल ते सगळे हसले, देशमुख काकू पण हसल्या. मी पातेली उतरवली. तुम्हाला प्रसाद पण मीच वाढला.

घरी येऊन तुम्ही गिअरच्या दांड्याला टॅग बांधलात. दोष, गिअर कडक. कारण, चालकाचा पाय. उपाय रिकामा ठेवलात. तपासणारा, तुमची सही. गिअर टाकताना रोज तो टॅग माझ्या मनगटाला लागायचा.

आणि मग ती सकाळ. सुनील पहिल्या शिफ्टला गेलेला. तुम्ही चहा पिता पिता कप खाली ठेवलात, छातीवर हात धरलात, घाम, ओठ पांढरे. आईंनी मला हाक मारली. मी आणि आईंनी तुम्हाला धरून गाडीत बसवलं, पुढच्या सीटवर, मनूला शेजारच्या तिवारी भाभींकडे टाकलं, मी चप्पल पण घातली नाही. गाडी शेडमधून उलटी काढायची होती. रिव्हर्स. कर्रर्र. पुन्हा. कर्रर्र. पुन्हा. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "पूर्ण दाब."

"दाबलाय अण्णा."

"पूर्ण दाब."

"दाबलाय हो अण्णा, पूर्ण दाबलाय."

"खोटं बोलू नकोस."

बस. त्याच्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोललाच नाहीत. पाच वर्षं मी तुमच्या घरात आहे, आणि तुमचा माझ्याशी शेवटचा शब्द हा. की मी खोटं बोलत होते.

मला आठवायला हवं होतं, इंजिन बंद करून गिअर घालायचा आणि मग चालू करायची. तुम्हीच शिकवलेलं. पण तुमचा तो चेहरा बघून माझं डोकं रिकामं झालं होतं. चौथ्यांदा आठवलं. बंद केली, रिव्हर्स घातला, क्लच दाबून चालू केली, गाडी धक्का मारून मागे गेली, फाटकाला घासली, पण निघाली. चौकात पुन्हा अडली. तिवारी भैया स्कूटरवरून मागून आले होते, ते खिडकीतून ओरडत होते, "घबराओ मत भाभी, सेकंड में ही ले चलो." मी सेकंडमध्येच नेली. आई मागे बसून तुमचं डोकं धरून होत्या. दवाखान्यात पोचलो तेव्हा तुम्ही होतात. दुपारपर्यंत नव्हतात.

डॉक्टर सुनीलला म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता. सुनीलनं ते मला सांगितलं, एकदाच, हळू आवाजात. पण भाऊजी सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगत होते. दहाव्याला, तेराव्याला, येणाऱ्या प्रत्येकाला. "गाडीच निघेना हो. हिनं क्लच जाळून ठेवलेला. अण्णांनी किती सांगितलं, टॅग बांधला बिचाऱ्यांनी. वेळेवर पोचलो असतो तर." आलेल्या बायका माझ्याकडे बघायच्या, आणि मग पायांकडे. खरंच सांगते अण्णा, पायांकडे. मी साडी पुढे ओढून बसायची. मनूला मांडीवर घेऊन पाय झाकायची. मला वाटायला लागलं, खरंच मीच. मनू मोठी झाल्यावर कुणी तिला सांगितलं, तुझ्या आजोबांना तुझ्या आईनं, तर मी काय म्हणणार?

तेराव्याला भाऊजी म्हणाले, रविवारी माणूस घेऊन येतो, ही गाडी काढून टाकू, ती डोळ्यांसमोर नको. सुनील म्हणाला, "जाऊ दे ना ज्योती."

शनिवारी दुपारी आई आणि मनू झोपल्या होत्या. मी शेडमध्ये गेले. टॅग तिथंच लोंबत होता. आणि अण्णा, मला इतका राग आला तुमचा. रडू नाही, राग. मी म्हटलं, ठीक आहे, तुमच्याच पद्धतीनं बघते, आणि तुम्ही बरोबर निघालात तर हा टॅग मी गळ्यात बांधून फिरेन.

आधी बंद गाडीत. पाचही गेले, रिव्हर्स गेला. चालू केली. नाही गेला. इथपर्यंत तुमचंच. मग तुमचं ते वाक्य. चूक गिअरच्या आधी असते, मागे मागे जा. गिअरच्या आधी क्लच. क्लचच्या आधी केबल, ती तर रईस भाईंनी कसलेली. केबलच्या आधी पेडल. पेडलच्या आधी माझा पाय. मी म्हटलं, पायावरच खटला आहे ना, मग पाय नको. गाडी बंद केली, दार उघडलं, खाली फरशीवर गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी क्लच दाबला. पायाला कळत नाही ते हाताला कळतं, कणीक मळणाऱ्या हाताला तर जास्तच. पेडल खाली गेलं आणि थांबलं, पण लोखंडावर नाही थांबलं. मऊ कशावर तरी थांबलं.

मी वरची चटई उचलली. खाली ती.

कारखान्याची काळी रबरी चटई, जाड, रेघांची, विजेच्या पॅनलपुढे घालतात ती. आपल्या टाउनशिपमध्ये कुणाच्या घरी तिचा तुकडा नाही? मोरीत, फ्रीजपुढे, तुळशीजवळ. तुम्ही ती गाडीत घातली होतीत. तुमच्या बाजूला एक थर. माझ्या बाजूला दोन. कडा किती सफाईनं कापलेल्या, पेडलखालच्या कोपऱ्यापर्यंत अगदी मापात, तुमच्याशिवाय कुणाचं कापणं असं नसतं.

आणि मला आठवलं. पावसाळ्यात गाडीचा पत्रा खालून सडला होता, डबक्यातून गेलं की पाणी आत यायचं, माझे पाय भिजायचे, मला ताप आला होता, तरी मनूला न्यायचं होतं. तुम्ही एक दुपारभर शेडमध्ये खटपट करत बसलात. संध्याकाळी म्हणालात, "जा बघ, आता पाय ओले व्हायचे नाहीत." मी बघितलं, वरची चटई जरा फुगलेली दिसली, मी म्हटलं, छान झालं अण्णा. तुम्ही खुश झालात. त्याच आठवड्यात गिअर कडक झाला. मला नाही जोडता आलं, मी नववी नापास. तुम्हाला का नाही आलं?

चटई ओढून काढली. पेडल अजून खाली गेलं, दोन पेरं. गाडी चालू केली, रिव्हर्स दोन बोटांनी गेला. आवाज नाही. काहीच आवाज नाही. मी तिथंच बसून तुम्हाला शिव्या दिल्या, पांढुर्ण्याच्या, तुम्ही ऐकल्या नसतील अशा. ज्यानं बनवलं त्यानं पास करायचं नाही, हा तुमच्या खात्याचा नियम, तुम्ही शंभरदा सांगितलेला. तुम्ही स्वतःच कापलीत, स्वतःच घातलीत, स्वतःच पास केलीत, आणि टॅग माझ्या पायाला बांधलात.

मग मी चटई परत होती तशी घातली. दोन्ही थर. हो, मुद्दाम. रात्री मला एकदम गाढ झोप लागली.

रविवारी भाऊजी माणूस घेऊन आले. सुनील, आई, तिवारी भैया, सगळे शेडजवळ. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हीच काढा ना बाहेर. तुम्हाला तर येते." ते बसले. रिव्हर्स. कर्रर्र.

मी म्हटलं, "पूर्ण दाबा."

"दाबलाय."

"पूर्ण दाबा, भाऊजी."

"अगं दाबलाय ना! दिसत नाही का, पूर्ण दाबलाय!"

मी म्हटलं, "खोटं बोलू नका."

अण्णा, त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. लाल झाले, उतरायला लागले. मी म्हटलं, बसा, एक मिनिट. त्यांच्या पायाखालून चटई ओढून काढली, सगळ्यांसमोर फरशीवर टाकली. "आता घाला." त्यांनी घातला. गेला. तो गाडी न्यायला आलेला माणूसच हसला, "लो, ये तो मक्खन है." भाऊजी म्हणाले, "म्हणजे तू अण्णांचीच चूक म्हणतेस? गेलेल्या माणसाची?"

मी म्हटलं, गेलेल्याची नाही म्हणायची, मग जिवंत आहे तिची म्हणायची का?

आई खाली वाकल्या, चटई उचलून उलटी केली. मग म्हणाल्या, "ही माझ्या ओट्यापुढची आहे. मी भांडले होते, नका कापू म्हटलं. म्हणाले, पोरीचे पाय भिजतात." आणि चटई पदरात घेऊन आत गेल्या. भाऊजी चहा न घेता गेले. गाडी इथंच आहे. रईस भाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "को खां भाभी, हमने तो नीचे से देखा था, ऊपर से कौन देखता है!"

मला वाटलं होतं, एवढं झालं की बरं वाटेल. वाटलं, रविवारी संध्याकाळपर्यंत वाटलं. मग आईंनी चटई धुऊन वाळत घातलेली दिसली, आणि तुमची ती कापलेली कड. तुमच्या बाजूला एक थर आणि माझ्या बाजूला दोन. का असं केलंत? एकच घातली असती तर भांडण नुसतं भांडण राहिलं असतं. मी तुम्हाला पूर्ण व्हिलन पण करू शकत नाही आणि माफ पण करू शकत नाही, मधेच अडकलेय. "खोटं बोलू नकोस" म्हणालात आणि निघून गेलात. निदान संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं, मी चटई शोधली असती, तुमच्या तोंडासमोर धरली असती, तुम्ही चष्मा पुसून बघितली असती. "हं" म्हणाला असता. मला तेवढा एक "हं" हवा होता, अण्णा. तो माझा होता. तो तुम्ही घेऊन गेलात.

चटई मी पुन्हा कापली. तुमच्यासारखी सफाई नाही आली. पेडलखालचा भाग काढून टाकला, बाकी जिथं पत्रा सडलाय तिथं ठेवली. पाय ओले होत नाहीत.

आणि तो टॅग दांड्यावरून सोडला. "चालकाचा पाय" खोडलं, त्याच्यावर लिहिलं, अण्णांनी घातलेली चटई, दोन थर. उपाय, कापली. तपासणाऱ्याच्या रकान्यात तुमच्या सहीखाली माझी सही केली, ज्योती, मोठ्या अक्षरात. आणि घरच्या हॉलमध्ये तुमच्या फोटोला हार घातलाय ना, त्याच खिळ्याला बांधला. भाऊजी परवा आले तर बघून म्हणाले, काढ ते, लोक काय म्हणतील. आई म्हणाल्या, राहू दे.

मी काढणार नाही. चुकीचं लिहिलं असेल तर तुम्ही या, चष्मा लावा आणि खोडून दाखवा.